क्रिप्टो मिक्सर आणि कायद्याला हवा असलेला माणूस

बिटकॉइनचे व्यवहार कुणालाच कळत नाहीत, हा समज अजूनही पुष्कळांच्या मनात पक्का आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारनोंदींचा पहिला गठ्ठा, तयार झाला, तेव्हापासून आजपर्यंतचा प्रत्येक व्यवहार एका जाहीर खातेवहीत नोंदलेला आहे. ही खातेवही कुणालाही फुकट उतरवून घेता येते आणि तिच्यातली जुनी नोंद कुणालाही खोडता येत नाही. नोंदीत माणसाचे नाव नसते, अक्षरे आणि आकडे मिळून झालेला एक पत्ता असतो, एवढाच काय तो आडपडदा. हा पडदा किती विरळ आहे हे ज्यांना लवकर उमगले, त्यांनी व्यवहारांची साखळी तोडणाऱ्या सेवा काढल्या. त्यांनाच मिक्सर किंवा टंबलर म्हणतात. या सेवांवरून अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये उभ्या राहिलेल्या खटल्यांमुळे पैशाची गोपनीयता आणि मनी लाँडरिंगचा कायदा यांच्यातली सीमारेषा नेमकी कुठून जाते, हा प्रश्न न्यायालयांपुढे आला आहे.

पडदा विरळ कसा, हे एका साध्या व्यवहारावरून पाहू. समजा एखाद्याकडे ०.६ आणि ०.५ बिटकॉइन अशा दोन रकमा दोन वेगळ्या पत्त्यांवर आहेत आणि त्याला कुणाला तरी १ बिटकॉइन द्यायचा आहे. बिटकॉइनमध्ये मिळालेली रक्कम अख्खीच खर्च करावी लागते, तिचा तुकडा पाडून उरलेला भाग जागेवर ठेवता येत नाही. त्यामुळे दोन्ही रकमा एकाच व्यवहारात आत जातात, १ बिटकॉइन समोरच्याच्या पत्त्यावर जातो आणि शुल्क वजा जाता उरलेले सुमारे ०.१ बिटकॉइन देणाऱ्याच्याच एखाद्या नव्या पत्त्यावर परत येतात. खातेवही वाचणाऱ्याला यातून दोन गोष्टी कळतात. दोन्ही पत्त्यांच्या किल्ल्या, म्हणजे पैसे खर्च करण्याचे गुप्त संकेत, एकाच हातात असल्याखेरीज असा व्यवहार सहसा होत नाही, म्हणजे ते दोन्ही पत्ते एकाचेच. आणि सुटे पैसे ज्या तिसऱ्या पत्त्यावर गेले, तोही बहुधा त्याचाच. यांपैकी पहिल्या धोक्याची कबुली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ टिपणातच आहे. २०१३ मध्ये सारा मिकलजॉन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी याच दोन खुणांचा आधार घेऊन असंख्य पत्ते गटागटांत बसवून दाखवले आणि स्वतः छोटे छोटे व्यवहार करून कोणता गट क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कोणत्या एक्स्चेंजचा आहे, हेही ओळखून काढले. गटातला एक पत्ता जरी ओळखपत्र मागणाऱ्या एक्स्चेंजपर्यंत पोहोचला, तरी सगळ्या गटाला नाव मिळते. आज चेनॅलिसिस, एलिप्टिक, टीआरएम लॅब्स यांसारख्या कंपन्यांचा धंदाच या गटवारीवर उभा आहे.

या उघडेपणाचा त्रास फक्त गुन्हेगारांना होतो असे नाही. एखाद्याने आपल्याला एकदा पैसे पाठवले किंवा आपण त्याला पाठवले, की आपला पत्ता त्याला कळतो आणि त्या पत्त्यावरची शिल्लक, आधीचे सर्व व्यवहार आणि पुढचेही व्यवहार त्याला कायमचे पाहता येतात. पगार क्रिप्टोत देणाऱ्या संस्थेत एका कर्मचाऱ्याला दुसऱ्याचा पगार कळू शकतो, मालाचे पैसे भरणाऱ्या व्यापाऱ्याचे सगळे पुरवठादार त्याच्या स्पर्धकाला कळू शकतात, आणि एखाद्या सरकारला नकोशा झालेल्या संघटनेला देणगी देणारा त्या सरकारच्या नजरेत येऊ शकतो. इथेरियम या बिटकॉइनसारख्याच दुसऱ्या ब्लॉकचेनचे (जाहीर खातेवहीचे) सहसंस्थापक विटालिक बुटेरिन यांनी युक्रेनला मदत पाठवताना टोर्नेडो कॅश हा मिक्सर वापरल्याचे २०२२ मध्ये स्वतःहून सांगितले होते. मदत घेणाऱ्यांची माहिती उघडी पडू नये, हा त्यांचा हेतू होता. शिवाय जिवाचा प्रश्न आहेच. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये लेजर या वॉलेट, म्हणजे क्रिप्टोच्या किल्ल्या सांभाळणारी साधने, बनवणाऱ्या कंपनीच्या एका सहसंस्थापकाचे खंडणीसाठी अपहरण झाले आणि अपहरणकर्त्यांनी त्यांचे बोट कापले. कुणाकडे किती क्रिप्टो आहे हे बाहेर कळणे म्हणजे काय, हे या क्षेत्रातल्या माणसांना तेव्हापासून वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बँकेतल्या पैशाची गोपनीयता वेगळ्या जातीची असते. तिथे शेजाऱ्याला काहीच दिसत नाही, बँकेला मात्र सगळे दिसते, आणि बँकेमार्फत सरकारला हवे ते पाहता येते. अमेरिकेत १९७० च्या बँक सीक्रसी ॲक्टने बँकांवर नोंदी ठेवण्याचे आणि १०,००० डॉलरहून मोठ्या रोख व्यवहारांची माहिती सरकारला कळवण्याचे बंधन घातले. पुढे १९७६ मध्ये मिलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की आपण आपली माहिती बँकेच्या स्वाधीन केली असल्यामुळे त्या नोंदींवर गोपनीयतेचा घटनात्मक हक्क सांगता येत नाही. २०२० मध्ये पाचव्या सर्किटच्या (अमेरिकेतल्या एका न्यायालयीन विभागाच्या) अपील न्यायालयाने ग्रॅटकोव्स्की खटल्यात हेच तत्त्व बिटकॉइनच्या खातेवहीला आणि एक्स्चेंजकडच्या नोंदींना लावले. म्हणजे क्रिप्टो वापरणाऱ्याला बँकेतल्यासारखे शेजाऱ्यापासूनचे संरक्षण मिळत नाही आणि सरकारपासूनचेही मिळत नाही. मिक्सरची मागणी या दुहेरी उघडेपणातून आली आहे, आणि ती केवळ चोरांची मागणी आहे असे म्हणणे मला प्रामाणिक वाटत नाही. चोरही ग्राहक आहेत, आणि मोठे ग्राहक आहेत, हेही तितकेच खरे.

पहिल्या पिढीतले मिक्सर अगदी सरळ होते. ग्राहक आपले बिटकॉइन सेवेच्या पत्त्यावर पाठवत असे, सेवा ते सगळ्यांच्या पैशांत एकत्र करत असे आणि काही टक्के शुल्क कापून तितकीच रक्कम दुसऱ्याच नाण्यांतून, काही काळाने, तुकड्या-तुकड्यांनी नव्या पत्त्यावर पाठवत असे. खातेवहीत पैसे आत जाताना दिसत आणि बाहेर येतानाही दिसत, पण आतल्या कोणत्या रकमेची बाहेरची कोणती हे केवळ चालकाला ठाऊक असे. यात ग्राहकाने चालकावर दोनदा भरवसा टाकलेला असे: तो पैसे घेऊन पळणार नाही हा एक, आणि तो नोंदी ठेवणार नाही हा दुसरा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या बेस्टमिक्सर या सेवेचे सर्व्हर डच तपास यंत्रणेने युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेच्या साथीने मे २०१९ मध्ये ताब्यात घेतले, तेव्हा व्यवहारांचे तपशीलही तपास यंत्रणेच्या हाती लागले. दुसऱ्या भरवशाची किंमत ग्राहकांना तेव्हा कळली.

चालक स्वतः किती दिवस लपून राहू शकतो, याचे उत्तर बिटकॉइन फॉग या सेवेच्या खटल्यात मिळाले. ही सेवा २०११ मध्ये सुरू झाली. तपास अधिकाऱ्यांच्या मते तिच्यातून १२ लाखांहून अधिक बिटकॉइन फिरले, व्यवहारांच्या वेळच्या भावाने त्यांची किंमत सुमारे ४० कोटी डॉलर होती. सेवेचा चालक म्हणून रोमन स्टर्लिंगोव्ह याला एप्रिल २०२१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अटक झाली, मार्च २०२४ मध्ये तो दोषी ठरला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला साडेबारा वर्षांची शिक्षा झाली. तपासाचा एक धागा होता तो २०११ मध्ये संकेतस्थळाचे नाव विकत घेण्यासाठी भरलेल्या क्षुल्लक रकमेचा. ती माउंट गॉक्स एक्स्चेंजवरून लिबर्टी रिझर्व्ह या आता बंद पडलेल्या सेवेमार्गे गेली होती, आणि दहा वर्षांनंतरही तो माग काढता आला. त्याच खटल्यात साक्षीदार म्हणून आलेला इल्या लिक्टेनस्टाइन हा २०१६ मध्ये बिटफिनेक्स एक्स्चेंजवरून १,१९,७५४ बिटकॉइन चोरणारा गुन्हेगार. त्याने मिक्सर वापरले, एका साखळीतून (म्हणजे ब्लॉकचेनमधून) दुसऱ्या साखळीत उड्या मारल्या, बनावट नावांनी खाती उघडली; तरीही २०२२ च्या सुरुवातीला त्याच्या क्लाउड खात्यातल्या फाइलमध्ये किल्ल्या सापडल्या आणि ९४,००० हून अधिक बिटकॉइन जप्त झाले. हेलिक्स या सेवेचा चालक लॅरी हार्मन याला ऑक्टोबर २०२० मध्ये आर्थिक गुन्ह्यांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फिनसेन या यंत्रणेने ६ कोटी डॉलरचा दंड ठोठावला होता. त्याने पुढे गुन्हा कबूल केला.

या सगळ्या खटल्यांत कायद्याला फारशी अडचण आली नाही, कारण ग्राहकाचे पैसे स्वतःच्या ताब्यात घेणारा एक माणूस समोर होता. खरा गुंता दुसऱ्या पिढीपासून सुरू होतो.

ऑगस्ट २०१३ मध्ये बिटकॉइनचे विकासक ग्रेगरी मॅक्सवेल यांनी कॉइनजॉइन नावाची पद्धत सुचवली. अनेक जण मिळून एकच व्यवहार तयार करतात, प्रत्येक जण आपापली रक्कम आत टाकतो, बाहेर पडणाऱ्या रकमा मुद्दाम सारख्या ठेवल्या जातात आणि सगळ्यांची सही झाल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. एका आकाराच्या पाच रकमा बाहेर पडल्या, तर कोणती कुणाची हे बाहेरच्याला ठरवता येत नाही. इथे पैसे क्षणभरही दुसऱ्याच्या ताब्यात जात नाहीत. सहभागी माणसे शोधून त्यांची मोट बांधणारा एक समन्वयक सर्व्हर तेवढा लागतो. वासाबी आणि सामुराई ही वॉलेट याच पद्धतीवर चालत. मिक्सरची सारी ताकद शेवटी गर्दीत असते: जत्रेत हरवलेला माणूस सापडत नाही, पण पाच जणांच्या रांगेत तो लपू शकत नाही. गर्दी लहान असेल, तर गणित कितीही पक्के असले तरी उपयोग थोडाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्स्चेंजवरून सुमारे १५० कोटी डॉलरचे इथर (इथेरियमवरचे नाणे) चोरीला गेले आणि अमेरिकेच्या एफबीआयने त्याची जबाबदारी उत्तर कोरियावर टाकली, तेव्हा चोरांनी बराचसा माल आधी थोरचेनसारख्या सेवांतून दुसऱ्या साखळीतल्या नाण्यांत बदलून घेतला. एवढी रक्कम पोटात लपवून घेईल इतकी गर्दी कुठल्याच मिक्सरपाशी नव्हती.

ऑगस्ट २०१९ मध्ये इथेरियमवर आलेल्या टोर्नेडो कॅशने समन्वयकाचीही गरज संपवली. त्याचे काम कसे चालते ते नीट पाहायला हवे, कारण न्यायालयातला पुढचा सगळा वाद या रचनेवरच झाला. टोर्नेडो कॅश म्हणजे ब्लॉकचेनवर ठेवलेले काही स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ठरलेल्या अटींवर आपोआप चालणारे प्रोग्रॅम. त्यात ०.१, १, १० आणि १०० इथर अशा ठरावीक रकमांच्या वेगवेगळ्या टाक्या आहेत. रकमा ठरावीक असल्यामुळे आकड्यावरून कुणाला ओळखता येत नाही. १० इथर भरणाऱ्याचा संगणक आधी एक गुप्त संख्या तयार करतो. तिच्यापासून गणिताने काढलेला एक ठसा रकमेसोबत टाकीत नोंदवला जातो. ठशावरून संख्या काढता येत नाही, पण संख्या असेल तर ठसा पुन्हा तयार करून दाखवता येतो. प्रत्येक टाकीत असे ठसे वीस पातळ्यांच्या एका झाडात रचलेले असतात, म्हणजे दहा लाखांहून थोड्या अधिक ठशांना त्यात जागा होते.

काही दिवसांनी किंवा महिन्यांनी हा माणूस पैसे काढायला येतो, तो अगदी नव्या पत्त्यावरून. तो आपली गुप्त संख्या दाखवत नाही, ठसाही दाखवत नाही. तो एक झिरो-नॉलेज प्रूफ सादर करतो, म्हणजे मूळ माहिती न सांगता तिच्याविषयीचे विधान खरे असल्याचे पटवून देणारा गणिती पुरावा. विधान एवढेच असते, की या झाडातल्या कोणत्या तरी एका ठशामागची गुप्त संख्या मला ठाऊक आहे. त्याच वेळी त्या संख्येपासून निघणारी आणखी एक खूण जाहीर होते, तिच्यामुळे त्याच ठेवीवर दुसऱ्यांदा पैसे काढता येत नाहीत. पण ही खूण कोणत्या ठशाची, हे कुणालाच सांगता येत नाही. कॉन्ट्रॅक्ट पुरावा तपासतो आणि १० इथर देतो. एक बारीक अडचण उरते. नवा पत्ता रिकामा असतो, आणि व्यवहार करायचा तर इथरमध्येच शुल्क भरावे लागते. ते जुन्या पत्त्यावरून पाठवले तर सगळी मेहनत वाया. म्हणून रिलेयर नावाचे मध्यस्थ निघाले: ते शुल्क भरून व्यवहार पुढे पाठवतात आणि काढलेल्या रकमेतून आपला मोबदला घेतात. रक्कम दुसरीकडे वळवणे त्यांच्या हातात नसते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मे २०२० मध्ये घडली. पुराव्याच्या पद्धतीला लागणारी सुरुवातीची मांडणी एक हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी मिळून केली आणि त्यानंतर विकासकांनी या टाक्यांच्या कॉन्ट्रॅक्टवरचा आपला ताबा कायमचा सोडून दिला. तेव्हापासून हे कॉन्ट्रॅक्ट बदलणे, थांबवणे किंवा त्यांतून कुणाचे पैसे अडवणे कुणालाच शक्य राहिले नाही, खुद्द ते लिहिणाऱ्यांनाही नाही. समोरचे संकेतस्थळ, रिलेयरांची यादी आणि प्रकल्पाचे टोकन, म्हणजे त्याचे स्वतःचे नाणे, मात्र माणसांच्याच हातात राहिले. हा तपशील खटल्यांत फार महागात पडला.

आता कायद्याकडे वळू. मनी लाँडरिंगचे वर्णन बहुधा तीन टप्प्यांत केले जाते: गुन्ह्याचा पैसा व्यवस्थेत शिरवणे, त्याच्यावर व्यवहारांचे थर चढवून मूळ दिसेनासे करणे, आणि शेवटी तो प्रतिष्ठित मालमत्तेच्या रूपात बाहेर काढणे. मिक्सर दुसऱ्या टप्प्यावर उपयोगी पडतो. परंतु पैसा लपवला म्हणजे लाँडरिंग झाले, असे कायदा म्हणत नाही. अमेरिकेने १९८६ मध्ये हा स्वतंत्र गुन्हा केला, तेव्हापासून त्यात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: पैसा एखाद्या मूळ गुन्ह्यातून आलेला असला पाहिजे, आणि व्यवहार करणाऱ्याला तो तसा आहे हे ठाऊक असले पाहिजे. पैशाचा उगम लपवल्याचा आरोप असेल, तर व्यवहार त्यासाठीच रचला होता हे त्याला ठाऊक होते, असेही दाखवावे लागते. पगाराचे पैसे मिक्सरमधून नेणाऱ्या माणसाकडे मूळ गुन्हाच नसतो, म्हणून तो लाँडरिंग करत नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे, तरी चर्चेत ती हटकून सुटते.

याशिवाय कायद्याचा दुसरा हात आहे, तो पहारेकऱ्यांवर. १९८९ मध्ये जी-७ देशांनी स्थापन केलेल्या एफएटीएफ या मनी लाँडरिंगविरोधी संस्थेच्या शिफारशींवरून जगभर बँका, आणि २०१९ नंतर क्रिप्टो एक्स्चेंजही, ग्राहकाची ओळख पटवणे, संशयास्पद व्यवहार कळवणे आणि पाठवणाऱ्याची माहिती पैशासोबत पुढे देणे या जबाबदाऱ्यांनी बांधले गेले. अमेरिकेत दुसऱ्यांचे पैसे इकडून तिकडे करणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि विनानोंदणी असा व्यवसाय करणे हा पाच वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा आहे. मिक्सर या व्याख्येत बसतो का? फिनसेनने मे २०१९ च्या मार्गदर्शनपत्रात याचे उत्तर दोन भागांत दिले. पैसे घेऊन निनावी करून परत देणारी सेवा ही पैसे पाठवणारा व्यवसाय ठरते. त्यासाठीचे सॉफ्टवेअर नुसते पुरवणारा तसा ठरत नाही. ताबा कुणाचा, हीच ती रेघ. कागदावर ती स्वच्छ दिसते.

६ मे २०२२ रोजी अमेरिकेच्या अर्थखात्याने ब्लेंडर या मिक्सरवर निर्बंध घातले, म्हणजे अमेरिकनांना त्याच्याशी कोणताही व्यवहार करण्यास मनाई केली. मिक्सरवर निर्बंध येण्याची ती पहिली वेळ होती, आणि कारण होते रोनिन या साखळीवरून मार्च २०२२ मध्ये झालेली सुमारे ६२ कोटी डॉलरची चोरी, जी उत्तर कोरियाच्या लाझारस या हॅकर गटाने केल्याचे सांगण्यात आले. ब्लेंडरमागे चालक होते, म्हणून फार आरडाओरड झाली नाही. ८ ऑगस्ट २०२२ रोजी टोर्नेडो कॅशवरही तसेच निर्बंध आले आणि त्या वेळी यादीत माणसांऐवजी कॉन्ट्रॅक्टचे पत्ते घातले गेले. अर्थखात्याच्या म्हणण्याप्रमाणे या सेवेतून ७०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम फिरली होती आणि त्यांतले ४५.५ कोटींहून अधिक लाझारसचे होते. परिणाम विचित्र झाले. कुणी तरी मुद्दाम टोर्नेडो कॅशमधून प्रसिद्ध व्यक्तींच्या पत्त्यांवर ०.१ इथर पाठवायला सुरुवात केली. न मागता आलेला हा पैसा नाकारण्याची सोयच नसल्यामुळे ती मंडळी काहीही न करता निर्बंधांच्या कक्षेत आली, आणि अशा प्रकरणांना आपण प्राधान्य देणार नाही असा खुलासा अर्थखात्याला सप्टेंबरमध्ये करावा लागला.

सहा वापरकर्त्यांनी या निर्बंधांना आव्हान दिले. टेक्सासमधल्या जिल्हा न्यायालयात ते हरले, परंतु २६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला. निर्बंधांचा अधिकार १९७७ च्या कायद्याने मिळतो आणि तो परकीयांच्या मालमत्तेवर चालतो. जी वस्तू कुणाच्या मालकीची असू शकत नाही, जिच्यापासून कुणाला दूर ठेवता येत नाही, ती मालमत्ता कशी, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. न बदलता येणारे कॉन्ट्रॅक्ट म्हणूनच यादीत घालता येत नाहीत. मार्च २०२५ मध्ये अर्थखात्याने टोर्नेडो कॅशचे नाव यादीतून काढले.

कॉन्ट्रॅक्ट सुटले, ते लिहिणारी माणसे सुटली नाहीत. त्यांपैकी अलेक्सी पेर्त्सेव्ह यांना ऑगस्ट २०२२ मध्येच ॲमस्टरडॅममध्ये अटक झाली होती. १४ मे २०२४ रोजी डच न्यायालयाने सुमारे १२० कोटी डॉलरच्या लाँडरिंगबद्दल त्यांना पाच वर्षे चार महिन्यांची शिक्षा दिली. आम्ही फक्त साधन बनवले, ते कोण वापरतो यावर आमचा ताबा नव्हता, हा बचाव न्यायालयाने फेटाळला. साधनाची घडणच गुन्हेगारांना रोखणारे काहीही न ठेवता लपवण्यासाठी केली होती आणि ती घडण करणाऱ्यांना त्याचे परिणाम दिसत होते, असे न्यायालयाने म्हटले. डच कायद्यात दाट शक्यता दिसत असताना ती पत्करणे हेही जाणीवपूर्वक केलेले कृत्य मानले जाते, आणि फरक पडला तो तिथे. या निकालावर पेर्त्सेव्ह यांनी अपील केले.

दुसरे विकासक रोमन स्टॉर्म यांचा खटला न्यूयॉर्कमध्ये चालला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने एक अंतर्गत पत्रक काढून मिक्सर वापरणाऱ्यांच्या कृत्यांसाठी मिक्सर बनवणाऱ्यांवर खटले भरू नयेत, असे धोरण जाहीर केले, आणि त्यानंतर नोंदणी न केल्याचा आरोप वगळण्यात आला. गुन्ह्यातला पैसा आहे हे ठाऊक असताना तो पुढे पाठवल्याचा आरोप तेवढा कायम ठेवला गेला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी ज्युरीने स्टॉर्म यांना या एका कटाबद्दल दोषी ठरवले, मात्र मनी लाँडरिंग आणि निर्बंधभंग या दोन मोठ्या आरोपांवर ज्युरीचे एकमत झाले नाही. सामुराई वॉलेटचे कियोन रॉड्रिगेझ आणि विल्यम हिल यांनी जुलै २०२५ मध्ये तसाच गुन्हा कबूल केला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना अनुक्रमे पाच आणि चार वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात बाहेर आलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: सामुराईच्या चालकांकडे ग्राहकांच्या पैशाचा ताबा नसल्यामुळे ते नोंदणीच्या व्याख्येत बहुधा बसत नाहीत, असे फिनसेनच्या अधिकाऱ्यांनी सरकारी वकिलांना ऑगस्ट २०२३ मध्येच सांगितले होते. खटला तरीही भरला गेला.

या निकालांकडे पाहिले तर असे दिसते, की ताब्याच्या रेघेची जागा हळूहळू जाणिवेच्या रेघेने घेतली आहे. पैसा तुझ्या हातात होता का, हे विचारण्याऐवजी तुला ठाऊक होते का आणि ठाऊक झाल्यावर तू काय केलेस, हे विचारले जाते. माझ्या मते सामुराईसारख्या प्रकरणात हा प्रश्न रास्त आहे, कारण तिथे चालू असलेला सर्व्हर होता, दर व्यवहारामागे शुल्क मिळत होते आणि गुन्हेगारांना जाहीर आमंत्रण दिल्यासारखे संदेशही सरकारी पक्षाने पुढे आणले होते. परंतु कॉन्ट्रॅक्टवरचा ताबा खरोखरच सोडून दिलेल्या प्रोग्रॅमरच्या बाबतीत तोच प्रश्न घसरतो. बातमी वाचून त्याला चोरी कळते, थांबवण्याचे बटण मात्र जगात कुठेच नसते. त्याने संकेतस्थळ बंद करावे, अशी अपेक्षा ठेवता येईल. पण संकेतस्थळ बंद झाले तरी कॉन्ट्रॅक्ट चालूच राहते, आणि मग शिक्षा कोणत्या कृत्याची, हे स्पष्टपणे सांगणारा कायदा अजून झालेला नाही.

सामान्य वापरकर्त्याला या वादाचा चटका बसतो तो एक्स्चेंजवर. मिक्सरमधून आलेले इथर जमा होताच विश्लेषण करणाऱ्या कंपनीच्या प्रणालीत त्या ठेवीला जोखमीचा गुणांक मिळतो, खाते गोठवले जाते आणि पैसा कुठून आला याचा खुलासा मागितला जातो. ठेवीच्या वेळची आपली गुप्त संख्या ज्याने जपून ठेवली आहे, त्याला ठेव आणि उचल यांचा संबंध जोडून दाखवता येतो; टोर्नेडो कॅशमध्ये त्यासाठी वेगळी सोयच होती. ज्याने ती फेकून दिली, त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही उरत नाही. युरोपात हा दरवाजा अधिकच अरुंद होणार आहे. युरोपीय संघाचा नवा मनी लाँडरिंगविरोधी नियम १० जुलै २०२७ पासून लागू होईल आणि त्यानंतर क्रिप्टो सेवा देणाऱ्या कंपन्यांना निनावी खाती ठेवता येणार नाहीत आणि व्यवहार लपवणारी नाणीही हाताळता येणार नाहीत. स्वतःच्या वॉलेटमध्ये तशी नाणी बाळगण्यावर मात्र बंदी नाही.

या कोंडीवर एक तांत्रिक तोडगा पुढे आला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बुटेरिन आणि इतर चौघांनी मांडलेल्या आणि मार्च २०२५ मध्ये इथेरियमवर प्रत्यक्षात आलेल्या प्रायव्हसी पूल्स या रचनेत पैसे काढणारा नुसते माझी ठेव या टाकीत आहे असे सिद्ध करत नाही. चांगल्या ठरवलेल्या ठेवींच्या यादीत माझी ठेव आहे, असेही तो त्याच गणिताने सिद्ध करतो, आणि तरीही नेमकी कोणती ठेव हे गुप्तच राहते. कायद्याला हवा असलेला प्रश्न यात पैसे काढतानाच विचारला जातो. अर्थात यादी कुणी करायची आणि तिच्यातून वगळलेल्याने दाद कुठे मागायची, हा नवा प्रश्न उभा राहतो. यादी करणारा पुन्हा एक माणूस किंवा संस्था असते, आणि तिच्यावर दबाव आणता येतो. रचनाकारांनी त्यावर एक मर्यादित उपाय ठेवला आहे. ज्याची ठेव यादीत घेतली गेली नाही, त्याचे पैसे कुणी जप्त करू शकत नाही; ज्या पत्त्यावरून ते आले, त्याच पत्त्यावर, सगळ्यांच्या देखत, त्याला ते परत काढून घेता येतात.